पेंटरच्या खोलीतला निळा : कलादिग्दर्शनाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

लघुपटाचं काम आजपासून वहीत घेते.

गोष्ट १९८९ सालची. कोल्हापुरात टॉकीजवर लागणारे मोठाले बोर्ड रंगवणारा एक पेंटर, वय सत्तरीच्या पुढं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय, पण घरात कुणाला पत्ता लागू देत नाही. हातातला शेवटचा बोर्ड पुरा करायचा, मग लेक म्हणेल ते. सगळी गोष्ट एकाच खोलीत घडते. कॅमेरा उंबरा ओलांडत नाही, त्यामुळं बोर्ड, गाव, टॉकीज, बायकोच्या आठवणी जे काही कळायचं ते भिंती आणि सामानातूनच कळायला हवं.

जागा उद्यमनगरात मिळाली. बंद पडलेलं वर्कशॉप, वर पत्रा, उंची भरपूर. शेजारी दिवसभर लेथ चालतो, म्हणून संवादाचे सीन रात्री घ्यायचे ठरलं.

दिग्दर्शकानं एक यादी पाठवली आहे. सेटमध्ये कुठं कुठं खुणा लपवायच्या, त्याची: जुने चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचा फोटो, प्रभात फिल्म कंपनीच्या चिन्हातली तुतारी वाजवणारी बाई, बंद पडलेलं घड्याळ, रिकामा पिंजरा, दारावर सिनेमाच्या सालाचा घरनंबर, आणखी बरंच. जाणकार प्रेक्षक पुन्हा पुन्हा थांबवून बघतील, शोधतील, असं त्याला वाटतं. उत्साह खरा आहे. पण यादी वाचून मला ती खोली दिसत नाही, यादी करणाराच दिसतो. गुरुवारी बसायचंय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चर्चा लांबली. वाद घालायचा तर उदाहरणं हवीत, म्हणून मी चार काढली होती.

पहिलं ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’, १९८१. जमिनीखालच्या प्राचीन दालनात खांबावरच्या चित्रलिपीत ‘स्टार वॉर्स’चे दोन यंत्रमानव कोरलेत. ज्याला दिसतात त्याला आनंद होतो, पण कथा होती तिथंच राहते. एका मंडळीनं दुसऱ्या मंडळीला केलेला तो नमस्कार आहे.

दुसरं आपल्याकडचं, ‘जाने भी दो यारों’, १९८३. त्यातल्या बागेचं नाव अँटोनियोनी पार्क. अँटोनियोनीच्या १९६६ सालच्या ‘ब्लो-अप’मध्ये एक फोटोग्राफर बागेत काढलेला फोटो मोठा करत जातो आणि त्यात त्याला खून दिसतो. इथंही दोन फोटोग्राफरांना तसाच खून सापडतो. नाव कळलं नाही तर ती नुसती बाग. कळलं तर सगळा प्रसंग दुहेरी होतो. यातली खूण कथानकात बसलेली आहे.

तिसरं ‘द गॉडफादर’मधली संत्री, १९७२. म्हातारा डॉन संत्री विकत घेतो आणि तिथंच त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात. पुढं मरण्याच्या जरा आधीही तोंडात संत्र्याची साल असते. लोक म्हणतात संत्रं म्हणजे मरणाची चाहूल. त्या चित्रपटाचे सेट करणारा डीन टॅव्होलारिस मात्र सांगतो की अंधाऱ्या दृश्यांत थोडी उजळ जागा हवी होती, म्हणून संत्री ठेवली. मला दोघांचंही पटतं. रंगाची गरज म्हणून आलेली वस्तू पुन्हा पुन्हा त्याच जागी आली की तिला अर्थ चिकटतोच. तो आधी ठरवलेला असावाच लागतो असं नाही.

चौथ्यावर मी सगळ्यात जास्त बोलले. ‘सायको’, १९६०. मोटेल चालवणाऱ्या नॉर्मनच्या मागच्या खोलीत पेंढा भरलेले पक्षी आहेत आणि भिंतीवर एक चित्र आहे. त्या चित्राचा विषय बायबलच्या परंपरेतला आहे : स्नान करणाऱ्या सुझॅनावर नजर ठेवणारे दोन म्हातारे. नॉर्मन ते चित्र खुंटीवरून उतरवतो तेव्हा मागं भिंतीला भोक असतं, आणि त्या भोकातून तो शेजारच्या खोलीतल्या बाईकडं बघतो. सुझॅनाची कथा ठाऊक नसली तरी सीन पूर्ण कळतो. ठाऊक असेल तर चित्र उतरण्याआधीच अंगावर काटा येतो. आणि चित्र तिथं असायला नॉर्मनकडं सबळ कारण आहे, त्याला भोक झाकायचंय.

म्हणून माझा आग्रह एवढाच होता, की वस्तू आधी त्या खोलीत राहणाऱ्या माणसानं आणलेली असली पाहिजे. त्यानं ती का आणली, कुठून आणली, रोज हात लागतो की नाही, हे सांगता आलं तर ती राहील. नाही सांगता आलं तर ती आपली हौस.

या कसोटीवर पिंजरा गेला, घरनंबर गेला. तुतारीवाली बाईही गेली. दिग्दर्शक जरा खट्टू झाला, पण घड्याळ सोडायला तयार नाही. ते पुन्हा बघू.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मंगळवार पेठेत एका पेंटरकाकांना भेटले. हयात बोर्ड रंगवण्यात गेली, आता हात थरथरतो. नाव कुठं घालायचं नाही, अशी त्यांची अट आहे.

आधी ग्राफ समजावून घेतला. पोस्टरवर किंवा फोटोवर पेन्सिलीनं बारीक चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या करून बोर्डावर आखायच्या, आणि एकेक चौकट भरत जायची. जवळ उभं राहून रंगवताना नुसता गालाचा तुकडा दिसतो, सबंध चेहरा बघायला रस्ता ओलांडून पलीकडं जावं लागतं. बोर्ड मावत नसेल तर घराच्या भिंतीवरच आखून बघायचे. त्यांच्या जुन्या घरी पोपडे निघाले तिथं चुन्याखाली चौकटींच्या रेघा अजून आहेत. मी हात फिरवून बघितलं. रेघ पेन्सिलीची नव्हती, निळीत बुडवलेल्या दोऱ्याची होती. दोरा ताणून झटका दिला की सरळ रेघ उमटते.

हे आपल्या सेटवर येणार. भिंतीभर पुसट निळा ग्राफ, आत चित्र काहीच नाही. काढायचं म्हणून आखलं आणि राहून गेलं.

मग डोळ्यांचा विषय निघाला. काकांचं स्वतःचं ऑपरेशन झालंय. म्हणाले, “पट्टी काढली आन् दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर गेलो. म्हटलं, हे पाणी एवढं निळं कवा झालं? पोरगं म्हणालं, बाबा, ते हुतंच की.”

याला कारण आहे. वय होईल तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर, मग तपकिरी होत जातं आणि निळा-जांभळा प्रकाश आत यायचा कमी होतो. बदल इतका सावकाश होतो की माणसाला चुकल्यासारखं वाटत नाही. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचंही हेच झालं. १९२३ साली त्याचं ऑपरेशन झालं, त्याआधीची त्याची चित्रं लालसर-तपकिरी होत गेली होती. काका त्या काळात काय करायचे विचारलं, तर म्हणाले, “डब्यावर नाव लिवून ठेवायचो. हिरवा कुठला आन् निळा कुठला, वाचून घ्यायचा. मग अक्षर बी दिसंना, तर मोठं लिवलं.”

हे ऐकल्यावर मी परत येऊन सगळी जुनी यादी बाजूला ठेवली. आमच्या गोष्टीची खूण हीच आहे. खोलीतून निळा जाणार. सीनमागून सीन, कुणाच्या लक्षात न येता. आणि डब्यांवरची अक्षरं मोठी होत जाणार.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

फ्लॅट, म्हणजे सेटच्या प्लायच्या भिंती, उभे राहिले. सुतारमामांचा एक प्रश्न: “ताई, तीनच भिंती दिसणार, तर चौथी कशाला करायलायसा? प्लायचं पैसं वाचतील की.” चौथी हवी, कारण आरशात ती दिसते आणि तिच्यातूनच उजेडाची तिरीप येते. काढता येईल अशी केली, बिजागऱ्यांवर.

कोल्हापुरात घन सेट बांधायचा म्हटलं की बाबूराव पेंटर आठवणारच. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढल्यावर बाबूरावांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी खोली, खांब, दार असा वावरता येणारा सेट उभा केला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याची झोपडी दाखवली ती तशी, अंधारी आणि राहती. भिंतीला खोलपणा आला की सावली पडते, कोपरा तयार होतो, आणि कोपऱ्यात वस्तू ठेवता येते. सेटमध्ये अर्थ लपवायची जागा तिथूनच मिळाली असं मला वाटतं. रंगवलेल्या पडद्यावर सगळं एकाच अंतरावर असतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रॉपर्टी, म्हणजे सेटवरचं सामान. लक्ष्मीपुरीतल्या भंगारवाल्याकडून डालड्याचे जुने डबे, निळी पत्र्याची ट्रंक, इनॅमलचा मग. गूळ अडत दुकानाचं कॅलेंडर स्वतःच छापतोय. अंबाबाई आणि जोतिबाचे फोटो सुतारमामांच्या घरचे, कामानंतर परत द्यायचेत. रंगात मिसळायच्या बेलतेलाचा वास मुद्दाम सेटवर ठेवलाय. तो पडद्यावर येणार नाही, पण नट आत शिरताच चालायचा वेग बदलतो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

घड्याळाचा वाद मिटला.

बंद घड्याळ हे आता कुठल्याही सिनेमात दिसतं, म्हणून मला नको होतं. दिग्दर्शकानं ‘कुंकू’ पुढं केला. प्रभातचा, १९३७ चा. त्यात पार्श्वसंगीत नाही, घरातलेच आवाज आहेत, आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं ते घड्याळ त्याच्या वयाबरोबर चालतं. मान्य. पण तिथं घड्याळ त्या माणसाच्या घरचं आणि त्याच्या वयाचं आहे. जरठ-कुमारी विवाहाच्या गोष्टीत काळ हाच तंटा आहे. आमच्या पेंटरचा तंटा काळाशी नाही, नजरेशी आहे. त्याच्या घरात घड्याळाची जागा कोण घेईल? मी म्हटलं, चष्मा. तोही एक नाही, बायकोचा जुना चष्मासुद्धा, जो तो गुपचूप लावून बघतो. दिग्दर्शकानं लगेच वही ओढून सीन लिहायला घेतला.

मग बाबूराव पेंटरांच्या फोटोचं काय, यावर ‘फँड्री’ची भिंत आठवली, २०१३ ची. शेवटाकडं जब्या आणि घरचे डुक्कर बांबूला बांधून नेतात आणि मागं शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले असतात. कुणी थांबून तिकडं बघत नाही. संवाद नाही. गावातल्या शाळेच्या भिंतीवर अशी चित्रं असतातच, त्यामुळं ती मुद्दाम लावली असं वाटत नाही. कोल्हापूरच्या माणसाला तर शाहू महाराज दिसताच २६ जुलै १९०२ चं पन्नास टक्के आरक्षण आठवतं, आणि त्या भिंतीपुढून चालणाऱ्या घराची शंभर वर्षं एका झटक्यात मोजली जातात. लपवलेलं असं तिथं काहीच नाही, सगळं उघड्यावर आहे. फ्रेममधली माणसं बघत नाहीत म्हणून आपल्याला बघावं लागतं. इतकी नेमकी भिंत मी दुसरी पाहिलेली नाही.

निर्णय: फोटो फ्रेम करून लावायचा नाही. पेंटरच्या घरी बाबूराव असतीलच, पण कसे? कामाच्या जागी, डब्याखाली, रंगाचे ठिपके पडलेले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

खिडकीबाहेरचा देखावा. फ्लेक्स छापून आणला तर एका दिवसाचं काम, पण फ्लेक्सवर उजेड पडला की चकाकतो, आणि या खोलीबाहेर छापील गल्ली मला बघवणार नाही. मांजरपाट ताणून, सरस आणि खडूच्या पावडरचा हात मारून काका आणि दोन मुलांनी पडदा रंगवायला घेतला. कौलं, तारा, लांब टॉकीजचा माथा, वर आभाळ. नाटकाच्या पडद्याची रीत, जिच्यात बाबूरावांचा हात तयार झाला. ‘ललितकलादर्श’ या नाटक कंपनीसाठी त्यांनी पडदे केले ते केशवराव भोसल्यांच्या काळात. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासून काकांचा हात त्या विषयावर थांबतो. १९१५ चं थिएटर, शाहू महाराजांनी बांधलेलं. काकांनी त्याच्या माथ्याची आकृती पडद्यात कौलांमागं घातली. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पेंटर आपल्या खिडकीतून ती बघत असणार, म्हणून राहू दिली.

आता अडचण. निळं आभाळ सीनगणिक फिकं करायचं, तर वरून पिवळ्याचा पातळ हात द्यावा असा माझा बेत होता. काका म्हणाले, “सरसचा रंग हाय बाई. वल्लं लागलं की खालचा रंग उठतोय. आभाळाचा चिखल हुईल.” बरोबर. मग पडद्यावर पडणाऱ्या दिव्यांनाच पिवळं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावायचं ठरलं: आधी काहीच नाही, मग हलकं, मग गडद. पिवळ्या उजेडात निळा रंग आपोआप राखाडी पडतो. खोलीतले दिवे वेगळे, त्यांना हात लावायचा नाही. नाहीतर सगळी फ्रेम पिवळी होऊन लगेच कळेल.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाकडं जाऊन आले. दरवर्षी सिनेमावाले आजच्या, महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनेच्या दिवशी तिथं जमतात.

डब्याखालच्या कागदाचं ठरलं. ‘कल्याण खजिना’चं पोस्टर, १९२४, आज शिल्लक असलेल्या सर्वात जुन्या भारतीय चित्रपोस्टरांपैकी एक, बाबूरावांचं. चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि ते १९५४ साली गेले. तेव्हा त्या बाजूनं मोकळीक आहे. तरी जसंच्या तसं छापायचं नाही. त्यातला फक्त एक कोपरा काकांच्या हातानं काढून घेतला, आपल्या पेंटरनं तरुणपणी सराव म्हणून केलेली नक्कल असावी तसा, वर ग्राफच्या चौकटींसह. आता हे त्याच्या आयुष्यातून आलंय. ओळखणारा ओळखेल, बाकीच्यांना रंगाच्या डब्याखाली एक कागद दिसेल.

भिंत जुनी करणं चालू आहे. खाली चुन्यात नीळ, वर डिस्टेंपर, घासकागदानं जागोजाग खालचा थर उघडा. खाटेच्या डोक्याशी डोकं टेकून टेकून तेलकट झालेला डाग, आणि त्याच्या शेजारी हाताची पाच बोटं. त्याला दिसत नाही तेव्हा तो भिंत चाचपून उठतो. पहिल्या सीनमध्ये डाग एकच, शेवटापर्यंत खाटेपासून दारापर्यंत ओळ झालेली.

खिडकीजवळ एक चौकोन बाकी भिंतीपेक्षा उजळ ठेवलाय. तिथं पूर्वी काहीतरी टांगलेलं होतं. नवव्या सीनला ट्रंक उघडते तेव्हा आत बायकोचा फोटो निघतो, त्याची फ्रेम बरोबर त्या चौकोनाच्या मापाची. कुणी बोलून दाखवणार नाही. त्यानं फोटो का उतरवला याचं उत्तर कलाकाराला सांगितलंय: चेहरा नीट दिसेनासा झाला, म्हणून.

शुक्रवार, ५ डिसेंबर

लेन्सची चाचणी. कॅमेरामन ५० मिलिमीटरवर, भोक पूर्ण उघडं ठेवून घेत होता. नटाचा चेहरा सुंदर येतो, पण मागचा ग्राफ पार विरघळतो आणि डब्यांवरची अक्षरं रंगाचे ठिपके होतात. भोक बारीक करून ५.६ वर आणलं तर रेघा दिसू लागतात, मात्र दिवे वाढवावे लागतात. तडजोड अशी: सुरुवातीला ५.६, म्हणजे खोली स्पष्ट. पुढं हळूहळू उघडत जायचं. नजर अधू होते तशी खोलीही मागं विरते. मग अक्षरं मोठी करायलाच हवीत, पेंटरसाठीही आणि प्रेक्षकासाठीही. हा मेळ कुणी आधी आखलेला नव्हता, आणि या कामातला मला सगळ्यात आवडलेला क्षण हाच.

चाचणीचं चित्रण ज्यांना काही माहीत नाही अशा तिघांना दाखवलं. एकीनं ट्रंकेचा रंग बदललाय हे पकडलं. म्हणजे बदल फार मोठा आहे. निळ्याऐवजी एकदम तपकिरी ट्रंक नको, मध्ये गंजलेली, निळा उडालेली एक हवी. दुसऱ्यानं सांगितलं, “शेवटी जरा कोंदट वाटलं.” का ते त्याला सांगता आलं नाही. मला एवढंच हवंय.

बुधवार, १० डिसेंबर

शूटिंग चालू. कंटिन्युटी सांभाळणाऱ्या मुलीची धांदल उडते, कारण तिचं काम वस्तू जागच्या जागी ठेवायचं आणि आम्ही मुद्दाम हलवतोय. तिच्या तक्त्यात ठरवून केलेले बदल लाल पेन्सिलीनं: सीन ४ ला मग निळा, सीन ६ ला पांढरा. सीन ७ पासून डब्यांवर खडूऐवजी जाड कुंचल्याची अक्षरं. सीन ८ नंतर निळी लुंगी नाही. लाल खूण नसलेलं काही हललं तर ती शॉट थांबवते. शिस्त अशी असली तरच खुणा टिकतात. एक फुलपात्र चुकून सरकलं, तर प्रेक्षक त्यातही अर्थ शोधेल आणि खरं जे आहे ते हरवेल.

नटांनी काल स्वतःहून एक गोष्ट केली. डबा उचलण्याआधी ते अक्षरावरून बोट फिरवतात. स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

गुरुवार, १८ डिसेंबर

कच्चं संकलन पाहिलं. बोटांच्या डागांची ओळ दोनदाच दिसते, पुरे. उजळ चौकोन तीन सीनमध्ये फ्रेममध्ये आहे, ट्रंकेच्या सीनआधी शेवटचा शॉट चार सेकंदांचा. संकलक तो दोनवर आणू म्हणत होता, मी चार ठेवायला लावला. नुसता चौकोन नजरेत भरायला तेवढा वेळ लागतो.

रंगसंस्कार करणाऱ्याला आज लिहून पाठवलं. त्याची सवय सगळे शॉट एका रंगात जुळवायची, आणि तो चांगलं काम करतो म्हणूनच भीती आहे. पत्रातला मजकूर इथं उतरून ठेवते:

खिडकीतलं आभाळ सीन १ ते ३ मध्ये जसं आहे तसं. सीन ४ ते ६ मध्ये पिवळसर दिसेल, ते दुरुस्त करू नका. सीन ७ ते ११ मध्ये राखाडी दिसेल, तेही दुरुस्त करू नका. नटांच्या कातडीचा रंग मात्र सगळीकडं सारखा ठेवा. सीन ११ मध्ये भिंतीवर पुसट निळ्या चौकटी आहेत, त्या डाग समजून काढू नका. संशय आला तर रात्री कितीही वाजता फोन करा.

त्याचा फोन आला. ग्राफ त्याला दिसला होता, आणि सीन ११ मध्ये तो किंचित उचलून देऊ का, असं विचारत होता. नको म्हटलं. मग दोन्ही प्रती करून दिग्दर्शकाला दाखवायचं ठरलं. शनिवारी बघायचंय.